गोडाचे ऋण

दारू सोडणाऱ्याचा सत्कार होतो, तंबाखू सोडणाऱ्याचे कौतुक होते. साखर सोडणाऱ्याची मात्र चौकशी होते. ‘काय, झाली का तुम्हाला?’ एवढेच विचारले जाते. काय झाली, ते कोणी उच्चारीत नाही. विचारणाऱ्याच्या स्वरात सहानुभूती असते, आणि आपण अद्याप त्या यादीत नाही याचे किंचित समाधानही असते. रोगाला पदार्थाचेच नाव देऊन आपल्या भाषेने मोठी गंमत करून ठेवली आहे. ‘त्यांच्याकडे साखर आहे’ आणि ‘त्यांना साखर आहे’ या दोन वाक्यांत अक्षरांचा फरक तो केवढा! पण पहिल्यात सुबत्ता आहे आणि दुसऱ्यात पथ्य.

मला अजून ‘साखर’ नाही. ती वाटेवर आहे, एवढेच डॉक्टरांनी गेल्या आषाढात सांगितले. मागील तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी सांगणारी जी तपासणी असते, तिच्यात माझा आकडा ६.१ निघाला. ५.७ च्या आत निर्धोक, ६.५ पासून पुढे मधुमेह. मधला सारा प्रदेश सीमेवरचा. सरकारी नोकरीत सीमेवरच्या नेमणुका पुष्कळ पाहिल्या, परंतु त्यांची मुदत ठरलेली असते. या सीमेवर कायमचा मुक्काम कोणाला करता येईलच असे नाही. एक तर मागे फिरावयाचे, नाही तर पुढे जावयाचे. वजन ८३ किलो भरले. त्याच दिवशी साखर सोडण्याचे ठरविले.

हा संकल्प जयपूरच्या प्रताप नगरात झाला, हेही योग्यच म्हणावयाचे. शहराच्या दक्षिणेला, सांगानेरच्या शेजारी, राजस्थान हाउसिंग बोर्डाने वसविलेली ही वसाहत. घरांना सेक्टरांचे आकडे, पण रस्त्यांना नावे हळदीघाटी मार्ग, कुंभा मार्ग अशी. नावे ऐकून रणवाद्यांचा भास व्हावा. प्रत्यक्षात स्पर्धापरीक्षांची तयारी करणारी मुले आणि त्यांना चहा पाजणाऱ्या टपऱ्या यांचीच वर्दळ. बोर्डाने येथे खाण्याच्या गाळ्यांची एक ‘चौपाटी’ही बांधली आहे, समुद्र सोडल्यास तिच्यात सर्व काही मिळते. हळदीघाटीची लढाई १५७६ साली झाली, आणि पुढे रानावनात राहताना राण्याने गवताच्या भाकरी खाऊन दिवस काढले, अशी लोककथा या प्रदेशात घरोघर सांगतात. त्याच्या नावाच्या वसाहतीत राहून आपल्याकडून चहातली दोन चमचे साखर सुटू नये, हे काही बरे दिसले नसते.

साखर सोडणे म्हणजे मिठाई सोडणे, असा सार्वत्रिक समज आहे. मिठाई डोळ्यांना दिसते, म्हणून आळ तिच्यावर येतो. खरी साखर येते ती चहाच्या पेल्यातून. कचेरीत दिवसाला सहा चहा हे काही अतिरेकाचे प्रमाण नव्हे. एक पोहोचल्याबरोबर, एक बैठकीत, एक बाहेरून आलेल्या गृहस्थांसाठी मागविलेला, एक त्यांना निरोप देण्यासाठी. उरलेल्या दोहोंना कारणही लागत नाही. प्रत्येकी दोन चमचे आणि चमच्याला चार ग्रॅम धरले, तर दिवसाला ४८ ग्रॅम, महिन्याला जवळजवळ दीड किलो, वर्षाला साडेसतरा किलो. साखरेचे पोते ५० किलोचे असते. म्हणजे एका बदलीपासून दुसऱ्या बदलीपर्यंतच्या तीन वर्षांत आपल्यासारखा अधिकारी निव्वळ चहातून एक पोते पोटात घालतो. बदलीच्या सामानाच्या यादीत हे पोते कोठेही दाखविलेले नसते; ते अंगावरच वाहून न्यावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सुचविले की, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकंदर उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवावी आणि साधल्यास विसाव्या हिश्श्यापर्यंत उतरवावी. हा विसावा हिस्सा म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, सहा चमचे. आमचे सहा चमचे दुपारचा डबा उघडण्यापूर्वीच संपलेले असत.

एकट्या साखरेच्या माथी सारा दोष मारणेही न्यायाचे नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाची कारणे सांगितली आहेत. त्यांत पहिला मान बसून राहण्याच्या सुखाला आहे, दुसरा झोपेच्या सुखाला. दही, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ मागाहून येतात. खुर्चीवर आयुष्य काढणाऱ्यांचे इतके नेमके वर्णन इतक्या जुन्या ग्रंथात सापडावे, याचे नवल वाटते. आपल्या देहाची घडणही या कामी साहाय्य करते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसण्यात सडपातळ आणि आतून स्थूल, अशी आपल्यापैकी पुष्कळांची प्रकृती असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेही माणसे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज निघाला, आणि प्रमाणात सर्वांत वर होता आपला गोवा. तेव्हा प्रश्न एकट्यादुकट्याचा राहिलेला नाही.

कारणे पटणे ही एक गोष्ट आणि चहा मागणे ही दुसरी. इकडे चहात साखर मागाहून घालीत नाहीत. पाणी, दूध, आले आणि साखर एकत्रच उकळतात. बिनसाखरेचा चहा हवा असेल तर वेगळे भांडे चढवावे लागते. त्याला येथे ‘फीकी चाय’ म्हणतात. आपल्याकडे रंग फिका असतो, इकडे चव फिकी असते. ‘फीकी’ म्हटल्यावर मराठी मनाला पाणचट, निस्तेज असे काहीतरी समोर येते. पहिल्या आठवड्यात तो चहा होताही तसाच. कचेरीतल्या चहावाल्या पोराने तर माझे हुद्द्यासकट नाव बाजूला ठेवून ‘फीकीवाले साहब’ अशी नवी नेमणूक करून टाकली. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढ्या त्वरेने झालेली ही एकच पदस्थापना.

कचेरीत निभावले. कसोटी लागली ती शेजारात. राजस्थानात ‘मनुहार’ नावाची एक गोष्ट आहे. पाहुण्याने नको म्हणावयाचे, यजमानाने घास हातात घेऊन त्याच्या तोंडाशी न्यावयाचा, आणि अखेर पाहुण्याने हरावयाचे. आपल्या पंगतीतला जिलबीचा आग्रह ज्यांनी सोसला आहे त्यांना हे परके वाटणार नाही. फरक एवढाच की आपला आग्रह पंगत उठली की संपतो, मनुहार दाराबाहेर निरोप देईपर्यंत चालते. त्यात आला श्रावण. तिजेच्या आदल्या दिवशी येथे लेकीला माहेरून ‘सिंजारा’ येतो, त्यात घेवर असतेच. तुपात तळलेले, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे जाळीदार, पाकात बुडविलेले आणि वर मलईचा थर असे हे पक्वान्न. शेजारच्या नव्या सुनेला सिंजारा आला आणि तिच्या सासूबाई ताट घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. ‘भाईसाहब, बहू के पीहर का है,’ एवढेच त्या म्हणाल्या. त्या ताटात साखर नव्हती. एका मुलीच्या माहेरची इभ्रत होती. तिला नको कोण म्हणणार? आणि डॉक्टरांनी काढलेल्या ६.१ या आकड्याला हो तरी कसे म्हणावे?

या पेचाचे मूळ माझ्यापुरते फार लांब, प्रवरेच्या काठी आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि नगर जिल्ह्यातल्या कोरड्या शिवारांना कालव्याचे पाणी मिळाले. पाण्यामागून ऊस आला. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि तो पाहून महाराष्ट्रभर कारखाने निघाले. त्यांच्या मागोमाग शाळा, महाविद्यालये, दवाखाने आले. माझे वडील अशाच एका कारखान्याचे सभासद होते. आमचे घर उसावर बांधले गेले; माझी फी कारखान्याच्या हप्त्यावर भरली गेली. मी जी प्रवेशपरीक्षा देऊन परप्रांतात आलो, तिच्या पुस्तकांनाही उसाचाच पैसा लागला होता. साखरेला नावे ठेवणे म्हणजे आमच्या घरी खाल्ल्या अन्नाला नावे ठेवण्यासारखे.

त्याच साखरेने वडिलांच्या उजव्या पायाचा अंगठा नेला. मधुमेह जुना झाला की पायांच्या नसा बधिर होतात. रात्रीचे दारे धरताना तोडलेल्या उसाचा सड त्यांच्या पायात गेला, आणि गेल्याचे त्यांना कळलेच नाही. सकाळी चिखल धुताना आईला रक्त दिसले. ज्याने आयुष्यभर उसाच्या सरीत अनवाणी चालून पाऊलवाट पाडली, त्याला शेवटी त्याच उसाचे टोचणे जाणवू नये! त्यानंतर तीन वर्षांनी ते गेले. माझ्या अहवालावरचा आकडा वाचताना मला डॉक्टरांचा चेहरा दिसत नव्हता, तो पाय दिसत होता.

कारखाना दिवाळीला सभासदांना सवलतीच्या दराने साखर देतो. वडिलांच्या मागे हिस्सा आईच्या नावावर आला, आणि दर दिवाळीला त्यातली पाच किलो साखर माझ्या सामानात बांधली जाऊ लागली. प्रताप नगरात कोपऱ्याकोपऱ्यावर किराण्याचे दुकान आहे. परंतु आईच्या लेखी ती साखर वेगळी आणि ही वेगळी. गेल्या दिवाळीत मी पिशवी घेतली नाही. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आरं, आपलीच साखर आपल्याला सोसंना व्हय?’ या प्रश्नाला विज्ञानात उत्तर नाही. थोड्या वेळाने तिनेच तोड काढली, ‘मग गूळ ने.’ गुळाविषयी आपल्या घराघरांतून अशी सवलत दिली जाते. पण गुळात लोह वगैरे थोडे अधिक असले, तरी त्याचा बहुतेक भाग साखरच. रक्ताला त्या दोहोंतला भेद फारसा उमगत नाही. तेही तिला सांगितले. निघताना पाहिले, तर पिशवीत साखरेऐवजी पाच किलो बाजरी होती. बाजरीच्या उत्पन्नात राजस्थान देशात पहिला. तेथे नगरची बाजरी नेणे म्हणजे गंगेला पाण्याचा लोटा भेट देणे. तरीही ती मी आणली. आई इतकी वर्षे साखर पाठवीत नव्हती, पाठविण्याला निमित्त शोधीत होती, हे त्या पिशवीने उलगडले.

पाच महिन्यांत वजन ७७ किलोवर आले आहे आणि तो आकडा ५.८ वर. यात संध्याकाळच्या पाऊण तासाच्या चालण्याचाही वाटा आहे. सीमा अजून सुटलेली नाही, पण तोंड मागे वळले आहे. त्याहून नवलाची गोष्ट जिभेची. तीनेक आठवडे ती रुसली; मग तिला दुधातला गोडवा कळू लागला, थंडीतल्या लाल गाजराचा कळू लागला, बाजरीच्या भाकरीचा घास पुष्कळ वेळ चावल्यावर शेवटी उतरतो तोही कळू लागला. साखरेच्या गोंगाटात हे सारे सूर इतकी वर्षे दबून गेले होते. आता कोणी चुकून साखरेचा चहा पुढे केला, तर एका घोटात कळते आणि दुसरा घेववत नाही.

त्या घेवराचे काय झाले, हे सांगावयास हवे. मी नखाएवढा तुकडा मोडून तोंडात टाकला, बाकीचे मुलांना दिले, आणि एरवी दारातून परत जाणाऱ्या त्या सासूबाईंना आत बसविले. सून कोणत्या गावची, तिकडे तीज कशी होते, घेवर घरी करतात की हलवायाकडून आणतात, हे सारे विचारले. तासभर त्या बोलत होत्या. जाताना ताट रिकामे झाले की नाही, इकडे त्यांचे लक्षही नव्हते.

परक्या गावी राहणाऱ्या आपणा सर्वांच्या डोक्यावर अशा गोडाचे ऋण वाढतच असते. आपण न मागता लोक आपल्याला सणात ओढतात, ताटे पाठवितात, आणि तीन वर्षांनी आपण ट्रकमध्ये सामान भरून निघून जातो. खाऊन हे ऋण फिटते असा आपला समज असतो, कारण खाणे सोपे असते. घास गिळला की सुटका. न खाता ते फेडावयाचे तर बसावे लागते, ऐकावे लागते, शेजाऱ्याच्या सुनेचे गाव लक्षात ठेवावे लागते. आता संक्रांत जवळ आली आहे. येथे घरोघर तिळाचे लाडू होतील आणि आकाश पतंगांनी भरून जाईल. आपल्या तिळगुळाच्या रीतीतही पूर्वजांनी मोठी सोय करून ठेवली आहे. घेणाऱ्याने लाडू किती खावा यावर त्यांची अट नाही; त्याने गोड बोलावे एवढीच आहे. तेवढ्यावर अद्याप कोणत्याही डॉक्टरने बंदी घातलेली नाही.