आधी पदवी, मग नोकरी?

सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हायचं तर आधी चार वर्षं कॉलेजात शिकावं आणि मगच कुणाचा पगार घ्यावा, असं माझं ठाम मत होतं. पगार सुरू झाला की वेळ कंपनीचा होतो, आणि जो वेळ आपला नाही त्यात ऑपरेटिंग सिस्टिमसारखा विषय मुरत नाही. हे मी धाकट्या सहकाऱ्यांना आणि इथे लीड्समध्ये भेटणाऱ्या मराठी आईबापांना कितीदा तरी सांगितलं आहे. आता सांगत नाही. मत कशामुळे बदललं आणि त्यातलं काय अजूनही तसंच आहे, ते एकदा लिहून काढतो आहे.

या मताचं मूळ घरात होतं. वडील किर्लोस्करवाडीला टर्नर. अप्रेंटिस म्हणून लागले, लेथवर उभं राहून शिकले आणि फार उत्तम शिकले. पण त्यांच्या लेखी अप्रेंटिस ही कॉलेज न परवडणाऱ्या मुलांची वाट होती. "आधी इंजिनिअर हो, मग कारखान्यात पाय ठेव," हे त्यांचं वाक्य. मी तसंच केलं. सांगलीला इंजिनिअरिंग, मग पुणे, मग इंग्लंड. त्यांनी माझ्यासाठी जे टाळलं ते चांगलंच टाळण्यासारखं असणार, हे मी कधी तपासून पाहिलं नव्हतं.

इंग्लंडमध्ये डिग्री अप्रेंटिसशिप २०१५ मध्ये सुरू झाली. बारावीच्या वयाची मुलं थेट कंपनीत नोकरीला लागतात, पगार घेतात आणि त्याच काळात विद्यापीठाची पूर्ण पदवी मिळवतात. फी त्यांना भरावी लागत नाही. एप्रिल २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना, वर्षाच्या पगारखर्चाचा ३० लाख पौंडांवरचा जो भाग असेल त्यावर, ०.५ टक्के कर द्यावा लागतो. तो पैसा तेव्हा फक्त अप्रेंटिसच्या शिक्षणावर वापरता यायचा आणि ठरावीक मुदतीत वापरला नाही तर हातचा जायचा. म्हणून आमच्या विमा कंपनीने सॉफ्टवेअरच्या जागा काढल्या तेव्हा मला त्यात हिशेबापलीकडे काही दिसलं नाही. २०२१ च्या सप्टेंबरात अठरा वर्षांची एक मुलगी माझ्या टीममध्ये आली. मी तिचा लाइन मॅनेजर.

पहिलं वर्ष तसं साधं गेलं. छोटे बग, टेस्ट लिहिणं, दुसऱ्यांचा कोड वाचणं. तिचा कोड रिव्ह्यूला यायचा तेव्हा त्यावर पंधरा-वीस शेरे पडायचे, आणि ती प्रत्येक शेऱ्याखाली 'का' विचारायची. काही प्रश्नांना आमच्या सीनिअर लोकांकडेही 'पहिल्यापासून असंच आहे' यापलीकडे उत्तर नसायचं.

मत हललं ते दुसऱ्या वर्षी. आमच्या दाव्यांच्या सिस्टिममध्ये एक जुनी तक्रार होती. दावे तपासणारी माणसं म्हणायची, मी नोंद लिहिली होती, आता दिसत नाही. कधीतरीच घडायचं. आम्ही लॉग चाळायचो, काही सापडायचं नाही, तक्रार बंद करायचो. त्या सुमारास विद्यापीठात तिचा डेटाबेसचा विषय चालू होता. वर्गात 'लॉस्ट अपडेट' झालं: दोघांनी एकच रेकॉर्ड वाचलं, दोघांनी आपापला बदल केला, आणि ज्याने शेवटी सेव्ह केलं त्याने पहिल्याचा बदल नकळत पुसून टाकला. पुढच्या आठवड्यात तिने मला तिच्या टेबलापाशी बोलावलं. दोन ब्राउझरमध्ये एकच दावा उघडला, आधी एकीकडे सेव्ह केलं, मग दुसरीकडे. पहिली नोंद माझ्या डोळ्यांदेखत गेली.

पुस्तकी उपाय सरळ आहे. प्रत्येक रेकॉर्डला आवृत्तीचा क्रमांक द्यायचा, आणि सेव्ह करताना तो मधल्या काळात बदललेला दिसला तर सेव्ह नाकारायचं. तिने तो लिहिलाही. पण त्याआधी ती खालच्या मजल्यावर दावे तपासणाऱ्या बायकांजवळ जाऊन बसली. त्या म्हणाल्या, फोनवर माणूस रडत असताना लिहिलेली नोंद मशीनने नाकारली तर ती आम्ही पुन्हा कशी लिहायची? मग रचनाच बदलली. नोंदी दाव्याच्या रेकॉर्डमधून बाहेर काढल्या, प्रत्येक नोंद स्वतंत्र, कुणाचीच कुणावर पडणार नाही अशी. आवृत्तीचा क्रमांक बाकीच्या रकान्यांपुरता राहिला.

मीही हा विषय शिकलो होतो. सीरिअलायझेबिलिटीवर लांबलचक उत्तर लिहून मार्क मिळवले होते. पण तो धडा ज्या माणसांसाठी आहे ती माणसं मला नोकरीत कित्येक वर्षं गेल्यावर दिसली. तिला तो धडा आणि ती माणसं एकाच महिन्यात भेटली. काम शिक्षणाचा वेळ खातं असं मी मानत आलो होतो. इथे कामच त्या धड्याला जागा करून देत होतं.

अर्थात हे आपोआप घडत नाही. नियमाप्रमाणे तेव्हा कामाच्या तासांपैकी २० टक्के वेळ शिक्षणाला द्यायचा होता, म्हणजे आठवड्यातला एक दिवस. पुढे २०२२ मध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी ते आठवड्याला किमान सहा तास असं झालं. पण रिलीज जवळ आली की त्या दिवशी एखादी मीटिंग येते, मग दुसरी. तो दिवस राखणं हे मॅनेजरचं काम आहे, आणि ते न जमलेले मॅनेजर मी पाहिले आहेत. त्यांच्या मुलांची पदवी रात्री आणि रविवारी होते. तिथे माझं जुनं मत आजही जसंच्या तसं लागू आहे.

आणखी एक शंका गेलेली नाही. कंपायलर, ऑटोमाटा, थोडं जड गणित, जे रोजच्या कामात कुठेच लागत नाही, ते या वाटेवर पातळ होतं. आणि विद्यार्थ्याचा लांब उन्हाळा इथे नाही. कायद्याने किमान २८ दिवसांची वार्षिक रजा, तीही बँक हॉलिडे धरून. एकोणिसाव्या वर्षी काहीही न करता महिनाभर एखाद्या प्रश्नात बुडून राहणं मला फार मोलाचं वाटतं. तिला ते मिळालं नाही. गेल्या वर्षी तिची पदवी झाली. शेवटी कामातल्याच प्रकल्पाचा अहवाल, त्यावर सादरीकरण, परीक्षकांशी चर्चा. तिने दाव्यांचीच सिस्टिम घेतली होती. तिच्या शाळेतल्या मैत्रिणी वर्षाला ९,२५० पौंड फीचं कर्ज घेऊन बाहेर पडल्या. २०२३ पासूनच्या मुलांना तर असं कर्ज चाळीस वर्षांपर्यंत फेडावं लागू शकतं. हा फरक मी पूर्वी 'पैशाचं काय एवढं' म्हणून बाजूला सारत असे. आता सारत नाही.

मिरजेहून बहिणीचा फोन आला होता. भाचा बारावीला आहे. "दादा, इकडे पण कंपन्या बारावीनंतर घेतात म्हणे, एचसीएल वगैरे. ती डिग्री खरी असते का?"

मी म्हटलं, "डिग्री कुठल्या विद्यापीठाची, हे बघच. पण आधी हे विचार, की आठवड्यात शिकायला वेळ कधी आणि तो लिहून देतात का. बाँड किती वर्षांचा, मध्येच सोडलं तर पैसे किती भरायचे. आणि तिथे आधी गेलेल्या दोन मुलांशी बोल. त्यांना कोड लिहायला देतात की नुसता सपोर्टचा फोन उचलायला, ते ऐक."

"आणि असं हुशार मुलांनाच मिळतं का?"

या प्रश्नाने मी अडखळलो. इथे तरी या जागा थोड्या आहेत आणि अर्ज भरपूर. ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे, ज्यांच्या आईबापांना मुलाखतीत काय विचारतात ते ठाऊक आहे, त्यांची मुलं पुढे असतात. माझे वडील ज्या वाटेने आले ती कॉलेज न परवडणाऱ्यांची होती. ती आता प्रतिष्ठेची झाली याचा मला आनंद आहे, पण त्यात पुन्हा तीच मुलं बाहेर राहिली तर मला ते सहन होणार नाही. यंदा आमच्याकडे दोन जागा निघणार आहेत. जाहिरात लागण्याआधी ब्रॅडफर्डच्या सरकारी शाळांत जाऊन मी स्वतः मुलांशी बोलेन, असं एचआरला लिहून कळवलं आहे. माझ्या टीममधली ती मुलगीही बरोबर येते म्हणाली आहे.