तिरकं माप

मी इचलकरंजीच्या सूतगिरणीत रिंगफ्रेमवर साईडर आहे. तुटला धागा की जोडायचा, आठ तास हेच. सुट्टीच्या दिवशी कोल्हापुरात, उद्यमनगरात एका मिस्त्रीकडं गाड्यांखाली झोपतो. घरात पैसा लागतो म्हणून, आणि लोखंड मला आवडतं म्हणून.

मध्यंतरी एक जीप आली. उंच बॉनेटची, जुनी सीजे-थ्री-बी. बघताक्षणी ओळखली. आमच्या गावच्या वाड्यातली. माझ्या आज्यानं ती जन्मभर धुतली. तीत बसला कधी नाही.

वाड्यातले मालक म्हणाले, “मिस्त्री, लेकाची वरात हाय. नवी बॉडी चढवा, झाक रंग मारा. बास.”

सडकी बॉडी उतरवली. चासी उघडी पडली. दोन लांब चॅनेल, मधी आडवे मेंबर, शिडीसारखी. पुढं डाव्या अंगाला कधीतरी जबर मार बसलेला. पण वर काळ्या रंगाचे थर. नजरेला काही दिसत नव्हतं.

चासी नजरेनं मोजत नाहीत. लोखंडी घोड्यांवर लेव्हलात ठेवली. पाट्यांच्या हँगरपासून ओळंबा सोडला, फरशीवर खडूनं चार खुणा केल्या. मग तिरकं माप. पुढचा डावा ते मागचा उजवा, पुढचा उजवा ते मागचा डावा. दोन्ही सारखी पाहिजेत. फरक आला १८ मिलिमीटर. डावा चॅनेल मागं सरकलेला. असली गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते, टायर खाते, आणि लोक टायरला शिव्या देतात.

मालक म्हणाले, “वरनं कुणाला दिसतंय?” मग माझ्याकडं बघून, “तू रं कुणाचा?”

आज्याचं नाव सांगितलं. मालक मागं सरकले. दीड फूट असंल. तेही माप मी घेतलं.

माझा पणजा मुंबईच्या गिरणीत रिंग खात्यात होता. विणकामात पगार जास्त, पण तिथं धाग्याला तोंड लावावं लागे, म्हणून आमच्या माणसाला घेत नसत. वर लाल रंग, कामगार सगळे एक. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा भेद पुढाऱ्यांपुढं मांडला. दोस्तहो, त्यांनी ओळंबाच सोडला होता. रंगावर भुलले नाहीत.

मी टेपचं एक टोक धरलं, दुसरं मालकांपुढं केलं. म्हटलं, “तुम्हीच मोजा. टेपला दोन माणसं लागतात.” मिस्त्री गप्प. मालकांनी इकडंतिकडं बघितलं. धरलं. वाकून आकडा वाचला. दुसऱ्यांदा वाचला. म्हणाले, “करा काय ते.” वरात दुसऱ्या गाडीतनं गेली.

माझ्या तीन सुट्ट्या त्यात गेल्या. चासीची मागची बाजू फरशीतल्या हुकांना बांधली, पुढच्या डाव्या टोकाला साखळी लावली, जॅकनं हळूहळू ओढत गेलो. मार जिकडनं आला त्याच्या उलट ओढायचं. लोखंडाला सवय लागलेली असते, सोडलं की मागं जातं. म्हणून मापापेक्षा थोडं जास्त ओढायचं, थांबायचं, हातोडीनं ठोकायचं, सोडायचं, परत मोजायचं. गॅसनं लाल केलं तर लवकर वळतं, पण तिथं कमजोर होतं. मिस्त्रीनं गॅस पेटवू दिला नाही. घडीतला रंग खरवडला तर केसाएवढी चीर निघाली. चिरेच्या टोकाला भोक पाडलं, म्हणजे ती पुढं पळत नाही. मगच वेल्डिंग.

शेवटी फरक राहिला २ मिलिमीटर. मिस्त्री म्हणाला, “चालंल.”

घरी आज्यानं विचारलं, “सरळ झाली का रं?” म्हटलं, “जीप झाली.”

तो दीड फूट तसाच हाय. त्याला साखळी कुठनं लावायची, ते बघतोय.