बर्फाच्या वाटेवर मिठाची पेरणी



मीठ म्हटले की आपल्याला भाकरी-ठेचा आठवतो. पण हेच मीठ ट्रक भरभरून रस्त्यावर टाकणारा एक मुलूख आहे. अमेरिकेच्या उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीला लागून असलेले मिनेसोटा राज्य. आज आपल्या खेड्यापाड्यांतली मुलेमुली असल्या थंड मुलखात नोकरीला गेली आहेत. तेव्हा चला, तिकडचा हिवाळा पाहून येऊ.

नोव्हेंबर ते मार्च इथे बर्फाचे राज्य. जानेवारीत काही रात्री पारा शून्याखाली २० अंशांच्याही खाली जातो. वादळ आले की एका रात्रीत वीतभर, कधी त्याहून जास्त बर्फ साचतो. भुसभुशीत बर्फ फावड्याने ओढता येतो. खरे भय असते ते चाकांखाली दबून काचेसारख्या झालेल्या थराचे. त्यावर मोटारी घसरतात, म्हातारी माणसे पडून हाडे मोडून घेतात. म्हणूनच मिनियापोलिस शहरात बर्फ थांबल्यापासून २४ तासांत घरापुढची पायवाट मोकळी करणे घरमालकाला बंधनकारक आहे.

तुम्ही विचाराल, यात मिठाचे काय काम? जत्रेतला कुल्फीवाला आठवा. तो डब्याभोवतीच्या बर्फात खडे मीठ घालतो. साधे पाणी शून्य अंशाला गोठते, मिठाचे पाणी त्याहून खाली गेल्यावर गोठते. तीच युक्ती रस्त्यावर. मीठ बर्फात मुरते, त्याचे खारे पाणी होते आणि थर जमिनीपासून सुटतो. पण रस्ता उणे ९ अंशांच्या खाली गेला की साध्या मिठाचा जोर ओसरतो. मग कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराईड वापरतात, नाहीतर नुसती वाळू टाकतात. वाळूने बर्फ वितळत नाही, पाय तेवढा घसरत नाही.

जाणती माणसे वादळ येण्याआधीच २३ टक्के मिठाचे पाणी रस्त्यावर फवारतात. रोग पडण्याआधी आपण फवारणी करतो, तसेच हे. बर्फ मुळात चिकटतच नाही आणि मीठही कमी लागते. काही ठिकाणी या पाण्यात साखरबीटची मळी मिसळतात. तिच्यामुळे मीठ रस्त्याला धरून राहते. याच राज्याच्या रेड नदीच्या खोऱ्यात साखरबीटची मोठी शेती आहे.

आता दुसरी बाजू ऐका. मिनेसोटा हे दहा हजार सरोवरांचे राज्य म्हणवते. थंडी ओसरली की बर्फ वितळतो आणि बरेचसे मीठ ओढ्यांतून सरोवरांत आणि जमिनीखालच्या पाण्यात उतरते. मीठ कुजत नाही, उडून जात नाही. चहाचा एक चमचा मीठ सुमारे १९ लिटर पाणी जलचरांना अपायकारक करायला पुरते, असे तिथले सरकारी प्रदूषण नियंत्रण खाते सांगते. रस्त्याकडेच्या मातीत सोडियम साचून माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, पाइनच्या झाडांची पाने करपतात.

हे वर्णन ओळखीचे वाटले ना? सांगली-कोल्हापूरकडे उसाला बेसुमार पाणी देऊन ज्या जमिनी क्षारपड आणि चोपण झाल्या, त्यांचे दुखणे याच जातीचे. तिकडे मीठ वरून पडले, आपल्याकडे ते पाण्याबरोबर खालून वर आले. जमीन बिघडायला काही वर्षे पुरतात. ती सुधारायला मात्र चर खणणे, जिप्सम, हिरवळीचे खत, असा मोठा खर्च आणि धीर लागतो.

मीठ टाकणे त्यांना बंद करता येत नाही, कारण प्रश्न माणसांच्या जिवाचा आहे. म्हणून ते मात्रा मोजायला शिकत आहेत. आधी फावडे, मग मीठ. दहा फरशांच्या पायवाटेला कॉफीचा एक मोठा कप मीठ पुरे. ट्रकवाले हवेचे नव्हे, रस्त्याचे तापमान पाहून मीठ सोडतात. उरलेले मीठ झाडून पुढच्या वेळेसाठी ठेवायचे.

आपल्या शिवारात बर्फ नाही, पण मात्रेचा नियम तोच आहे. पाणी असो, युरिया असो की औषध, ‘थोडे जास्त टाकले तर काय बिघडते’ हा विचार सोडा. माती-पाण्याची तपासणी करून घ्या आणि सांगितले तेवढेच द्या. अति तेथे माती, ही म्हण शेतीला तर शब्दशः लागू पडते.