चौथ्या वर्षाची वही

लेक चार वर्षांची झाली. तिच्या चित्रातल्या माणसाला आता डोळे, हात आणि थेट डोक्यातूनच फुटलेले पाय असतात. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने २०२२ मध्ये सुधारलेल्या, मुलांच्या विकासटप्प्यांच्या यादीत या वयाला तीन किंवा अधिक अवयवांचा माणूस अपेक्षित आहे. निकष असा, की ७५ टक्के किंवा त्याहून अधिक मुलांना त्या वयात ते जमावं. जमलं नाही तर घाबरू नये, पण डॉक्टरांना विचारावं. बोलण्याचंही तसंच: ‘बोलेल हळूहळू’ म्हणत वर्ष घालवणाऱ्या घरांची मला फार काळजी वाटते; कानाचा दोष असला तर तेच वर्ष मोलाचं असतं.

आज तिनं आजीला विचारलं, “तू लहान होतीस तेव्हा मी कुठे होते?” हे कुठल्या रकान्यात लिहू?

बटणं काढणं अजून जमत नाही. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारायचं आहे.