रजिस्टर पाहणे

'रजिस्टर' हा शब्द कानी पडला की आमच्या डोळ्यांसमोर आजही लाल कापडी पुठ्ठ्याचे, कोपरे झिजलेले आवक-जावकचे बाड येते. मध्यप्रदेश शासनाच्या सेवेत तेहतीस वर्षे काढल्यावर दुसरे काय यावे? म्हणूनच दिवाळीला हैदराबादेहून इंदूरला आलेला आमचा भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, सध्या माझं काम एकच. रजिस्टर कमी वेळा वाचायचं," तेव्हा आम्ही त्यास कामचुकार ठरवून मोकळे झालो.

त्याचे रजिस्टर निराळे निघाले. पडद्यावरील चित्र सांभाळणाऱ्या ग्राफिक्स चिपमध्ये नोंदींचे लहान लहान कप्पे असतात. त्यांसही रजिस्टरच म्हणतात. पडद्यावरचे एक चित्र पुरे झाले, सोपविलेले काम संपले, की चिप मुख्य प्रोसेसरला हाक घालते. ही हाक म्हणजे इंटरप्ट. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. दर चित्रास हाक मागितली तर सुमारे १६.७ मिलिसेकंदांनी एक येणार. हाक आली की ड्रायव्हर नावाची आज्ञावली चिपची रजिस्टरे वाचून पाहते, काय घडले आहे?

मेख येथेच आहे. रजिस्टरात लिहिणे स्वस्त असते. प्रोसेसर मजकूर मार्गी लावतो आणि पुढच्या कामाला लागतो. अशा लेखनास त्या शास्त्रात 'पोस्टेड' म्हणतात, हे ऐकून आम्हांस मौज वाटली. जावक टपाल पेटीत पडले, कारकून सुटला! वाचणे मात्र महाग. प्रश्न चिपपर्यंत जाणार, उत्तर परत येणार, तोवर प्रोसेसर ताटकळत उभा. हा विलंब पुष्कळदा शेकडो नॅनोसेकंदांचा असतो. क्षुल्लक वाटेल, परंतु ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे एका मायक्रोसेकंदात ३,००० ठोके पडतात. अभिलेखागारातून नस्ती मागवावी आणि भृत्य परतेपर्यंत साहेबांनी टेबलावर बोटे वाजवीत बसावे, तशातली गत.

लिनक्समध्ये इंटेलच्या ग्राफिक्ससाठी 'आय९१५' नावाचा ड्रायव्हर आहे. त्याचे उदाहरण भाच्याने दिले. ब्रॉडवेल पिढीच्या चिपमध्ये इंटरप्टचे एक प्रमुख रजिस्टर असते. ते एकदा वाचले की कोणत्या विभागात काही घडले ते कळते. ज्या विभागापुढे खूण नाही, त्याचे दप्तर उघडायचेच नाही. कोणत्या हाका दाबून ठेवायच्या, ही यादी तर ड्रायव्हर स्वतःच लिहितो. तिची प्रत आपल्या स्मृतीत ठेवली की चिपला पुन्हा विचारणे नको. मात्र 'काय घडले' हे रजिस्टर चिप आपणहून बदलते. तेथे जुन्या प्रतीवर विसंबले तर एखादी हाक हरवते आणि वाट पाहणारे काम तसेच अडकून राहते.

"म्हणजे मामा, कोणती नोंद आपल्याशिवाय कुणीच बदलत नाही, तेवढं नेमकं ओळखायचं."

आम्ही गप्प झालो. १९९४ साली एका दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नीचे कुटुंबनिवृत्तिवेतनाचे प्रकरण आमच्या टेबलावर होते. सेवापुस्तिकेतील नियुक्तीची तारीख आमच्याच टिपणीत, आमच्याच हस्ताक्षरात उतरविलेली होती. तरी प्रत्येक आक्षेपासरशी आम्ही मूळ पुस्तिका मागविली. पाच वेळा. माणूस गेलेला, त्याच्या नियुक्तीची तारीख आता कोण बदलणार होते? यास आम्ही दक्षता म्हणत असू. वास्तविक आमचा आमच्याच सहीवर भरवसा नव्हता, आणि अंगाशी येऊ नये ही धास्ती होती. दर खेपेस त्या बाई बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसत, आणि "पुस्तिका आली नाही" हे ऐकून जात.

त्या प्रकरणात बदलण्याजोगी गोष्ट एकच होती, त्यांचा पत्ता. पती वारल्यावर शासकीय निवासस्थान सोडून त्या भावाकडे राहावयास गेल्या होत्या. बाक आमच्या दारापासून दहा पावलांवर होता. पण ते विचारणे आम्हांस सुचले नाही. मंजुरीचा आदेश जुन्या पत्त्यावर गेला आणि टपालाचा शेरा घेऊन परत आला.

"मग?" भाच्याने विचारले.

"मग आणखी दोन महिने," आम्ही म्हणालो.

त्याने चिवड्याची बशी खाली ठेवली.