समासातलं प्रश्नचिन्ह

कथा लिहिणाऱ्याला वाचक एक प्रश्न हमखास विचारतात: पात्रं खरंच लेखकाचं ऐकेनाशी होतात का? होतात, असं मी ठामपणे सांगते, आणि दर वेळी मला अण्णा आठवतात. अण्णा लेखक नव्हते. सांगलीतल्या एका छापखान्यात ते मुद्रितं तपासत. माझ्या कथांमधली जी थोडी माणसं वाचकांच्या मनात घर करून राहिली, त्यांच्या जिवंतपणाचं मोठं श्रेय अण्णांचं आहे. त्यांना जाऊन आता बराच काळ लोटला. हे ऋण एकदा नीट मांडून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

ते खिळ्यांच्या छपाईचे दिवस. श्रावण लागला की दिवाळी अंकांची कामं येऊन पडायची आणि छापखाना रात्री उशिरापर्यंत जागा असायचा. मी कॉलेजात शिकत होते आणि संध्याकाळी प्रत वाचायला जात असे. लेखकाचं हस्तलिखित मी मोठ्याने वाचायचं आणि समोर अण्णांनी गॅलीच्या लांब, ओलसर प्रुफावर बोट ठेवून ते ताडून पाहायचं, असं ते काम. वाचायचं म्हणजे सगळंच वाचायचं. ‘अवतरण सुरू, आता जेवूनच जा, स्वल्पविराम, अवतरण बंद, ती म्हणाली, पूर्णविराम.’ अशा वाचनात गोष्टीची गोडी कुठून लागणार, असं कुणालाही वाटेल. अण्णांचं नेमकं उलट होतं. इतक्या संथपणे कथा ऐकणारा माणूस तिच्यातल्या प्रत्येकाला ओळखायला लागतो.

मध्येच ते हात वर करत. “थांब. ही असं म्हणेल?” मी पुन्हा वाचून दाखवायची. मग ते कानामागची पेन्सिल काढून समासात एक बारीक प्रश्नचिन्ह करत. खिळ्यांच्या चुका लाल शाईने, शंका मात्र पेन्सिलीने, हा त्यांचा नेम होता. दुरुस्ती सुचवायची नाही, शब्द बदलायचा नाही. मी एकदा उत्साहाने एक वाक्य सुचवलं, तेव्हा ते म्हणाले, “पोरी, खिळा उलटा बसला असेल तर तो मी सुलटा करीन. माणूस बदलायचा अधिकार मला नाही. आणि एकदा ते माणूस आपल्या तोंडाने बोलायला लागलं, की लेखकालाही नाही.” काही लेखक त्या प्रश्नचिन्हांवर नाराज होत. काही मात्र छापखान्याचा जिना चढून अण्णांना भेटायला येत आणि त्यांच्या स्टुलाशेजारी बसून आपल्याच पात्राविषयी त्यांच्याकडून ऐकून जात.

त्यांच्या टेबलाच्या खणात श्री. ना. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’ची प्रत असे. १९५२ सालची ही कादंबरी त्यांनी मला वाचायला दिली ती एका सूचनेसह: “बापूकडे सगळेच बघतात. तू राधेकडे बघ.” मी बघितलं. चहाचं हॉटेल चालवणारी ही बाई उघडपणे बापूबरोबर राहते आणि ते साऱ्या गारंबीला खुपतं. अशा ठिकाणी बाईने झुरावं, पस्तावावं, शेवटी प्रायश्चित्त घ्यावं, ही कथा-कादंबऱ्यांची जुनी वहिवाट. राधा त्या वाटेला जात नाही. आपल्या माणसावर तिचा जीव आहे आणि त्याची तिला लाज नाही. पेंडसे नोकरी करत होते मुंबईत, बेस्टमध्ये. पण दापोलीजवळच्या आपल्या मुलखातली माणसं त्यांच्या मागे लागलेली होती. कादंबरी संपली म्हणून ती संपत नव्हती. बापू रंगभूमीवर आला आणि काशिनाथ घाणेकरांनी तो उभा केला. त्यांच्याच ‘हद्दपार’ या कादंबरीतल्या राजेमास्तरांचं स्वतंत्र नाटक झालं. आणि पुढे कित्येक वर्षांनी पेंडशांनी ‘गारंबीची राधा’ लिहिली. त्या पुस्तकाचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, राधेने अखेर आपल्या लेखकाला परत बोलावून घेतलं.

पेंडशांची ‘रथचक्र’ही अण्णांनीच वाचायला लावली. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीतली बाई पोरांच्या शिक्षणासाठी जन्मभर झगडते. तिचा शेवट वाचून मी चिडले होते. इतकं सोसलेल्या बाईला लेखकाने थोडं सुख द्यायला काय हरकत होती, असं मी अण्णांना विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “द्यायला काहीच हरकत नव्हती. पण तिने ते घेतलं असतं का, हे बघ.”

हे उत्तर मला अपुरं वाटलं होतं. पुढे टॉलस्टॉयविषयी वाचताना ते पुरतं उलगडलं. ‘ॲना कॅरेनिना’ लिहीत असताना, १८७६ साली, त्यांनी स्त्राखोव्ह या आपल्या समीक्षक मित्राला एक पत्र लिहिलं. ॲनाच्या नवऱ्याला भेटून तिचा प्रियकर व्रॉन्स्की घरी परततो, ते प्रकरण लिहून बरेच दिवस झाले होते. ते पुन्हा हातात घेतलं, तेव्हा लेखकाच्या ध्यानीमनी नसताना व्रॉन्स्कीने स्वतःवर गोळी झाडून घ्यायची तयारी केली, असं टॉलस्टॉय त्यात सांगतात. आणि पुढच्या कथानकासाठी ते अगदी आवश्यक होतं, हे त्यांना मागाहून उमगलं. ॲनाशी तुम्ही फार कठोर वागलात, अशी तक्रार करणाऱ्या एका पाहुण्याला टॉलस्टॉयनी पुश्किनचा दाखला दिला, अशीही आठवण सांगितली जाते. आपली नायिका तात्याना हिने लग्न केलं याचं पुश्किनला स्वतःलाच नवल वाटलं होतं म्हणे. माझी माणसंही तशीच, त्यांना जे करायचं ते करतात, असं टॉलस्टॉयचं म्हणणं. सांगलीतल्या छापखान्यात स्टुलावर बसून अण्णांनी मला हेच सांगितलं होतं.

इटलीच्या पिरांदेल्लोंनी तर याच अनुभवाचं साहित्य केलं. १९११ च्या त्यांच्या एका कथेतला लेखक दर रविवारी सकाळी आपल्या होऊ घातलेल्या पात्रांना भेटीची वेळ देतो आणि ती आपापली गाऱ्हाणी घेऊन येतात. दहा वर्षांनी, १९२१ मध्ये, रोमच्या तेआत्रो व्हाल्लेमध्ये त्यांचं ‘सहा पात्रं लेखकाच्या शोधात’ हे नाटक झालं. लेखकाने अर्ध्यावर सोडून दिलेलं एक कुटुंब त्यात तालमीच्या मध्येच रंगमंचावर येऊन उभं राहतं आणि आमची गोष्ट पुरी करा म्हणतं. पहिल्या प्रयोगाला प्रेक्षागृहात मोठा गोंधळ झाला. ज्या लेखकाने आपल्या पात्रांचा असा तगादा सोसला आहे, त्याला मात्र ते कुटुंब ओळखीचं वाटतं.

मला तो तगादा माझ्या पहिल्या मोठ्या कथेच्या वेळी भेटला. घराच्या वाटण्या होतात, दीर-जावा आपापलं उचलून वेगळे होतात आणि वर्षानुवर्षं राबलेली थोरली सून एक दिवस पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीने माहेरी निघून जाते, अशी ती कथा मनात बांधली होती. कच्चा खर्डा अण्णांना दाखवला. त्यांनी शेवटचं पान दोनदा वाचलं. घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या सासूचा उल्लेख माझ्या कथेत एका ओळीत होता. अण्णांनी त्या ओळीपाशी पेन्सिल टेकवली आणि विचारलं, “ही गेल्यावर उद्या सकाळी म्हातारीला पेज कोण देणार?”

घरी येऊन मी तो प्रसंग पुन्हा लिहायला बसले. सून ट्रंक घेऊन उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. ट्रंक खाली ठेवून ती आत गेली. आता ही राहणार, असं मला वाटलं. पण तिने सासूचं लुगडं बदललं, तिची वेणी घातली आणि गाडीवानाला हाक मारून म्हातारीला उचलून बैलगाडीत घातलं. ती घर सोडणारच होती, पण सासूला बरोबर घेऊन. पुढचं तर मला स्वप्नातही सुचलं नसतं. सगळ्या कथेत एक शब्द न बोललेली ती म्हातारी गाडीतून म्हणाली, “माझा तांब्या आण. तो माझ्या आईकडचा आहे.” वाटणीच्या यादीत तो तांब्या धाकट्याच्या नावावर होता. सून परत गेली आणि सगळ्यांच्या देखत तो उचलून घेऊन आली. मी लिहीत होते खरी, पण माझं काम त्या दोघींच्या मागून चालण्याचं होतं. कथा छापून आल्यावर एका वाचक बाईंनी पत्र पाठवून विचारलं, त्या दोघी पुढे कुठे राहिल्या? ते पत्र वाचून अण्णांना झालेला आनंद पाहण्यासारखा होता.

हे सगळं गूढ आहे असं मी मानत नाही, आणि अण्णाही मानत नसत. ते कंपोझिटरांकडे बोट दाखवत. खिळ्यांच्या केसमधल्या कुठल्या घरात कुठला खिळा आहे, हे त्यांच्या बोटांना ठाऊक असे, नजर मजकुरावर आणि हात आपोआप चालत. लेखकाचंही तसंच होतं, असं अण्णा म्हणत. एखाद्या माणसाचा पुरेसा विचार केला की तो पुढे काय करील हे ठरवावं लागत नाही, ते येतं. ऑरेगन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ मार्जरी टेलर यांनी काल्पनिक सवंगडी असणाऱ्या मुलांचा अभ्यास केला आणि मग त्या लेखकांकडे वळल्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५० कथालेखक होते. पात्रं आपल्या मनाने वागतात-बोलतात असा अनुभव त्यांतल्या ९२ टक्क्यांना कमी-अधिक प्रमाणात आलेला होता. ज्यांचं लेखन प्रसिद्ध झालं होतं, त्यांना तो अधिक वेळा आणि अधिक ठळकपणे येत होता. म्हणजे हा सरावाने येणारा गुण आहे. तो अंगी यावा म्हणून लागतं ते लक्ष, आणि असं लक्ष कसं द्यायचं ते मी अण्णांच्या शेजारी बसून शिकले.

पुढे वाचताना मला प्रकाश नारायण संतांचा लंपन भेटला. संत कराडला भूगर्भशास्त्र शिकवत. तरुणपणी थोडं लिहिल्यावर त्यांची लेखणी दीर्घकाळ थांबली होती. मग ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या पुस्तकांतून आजी-आजोबांकडे वाढणारा तो मुलगा, बेळगावकडच्या त्या कानडी वळणाच्या मराठीत, आपलं जग सांगत राहिला. इतक्या वर्षांच्या मौनात तो मुलगा कुठे होता? मला वाटतं, तो संतांच्या मनात तेवढाच राहून, त्याच चड्डीत, त्याच गल्लीत वाट पाहत होता. लेखक मोठा झाला, नोकरी-संसारात रमला, तरी त्याने त्या मुलाला मोठ्यांची भाषा शिकवली नाही. हा संयम मला मोठा वाटतो.

अण्णांच्या प्रश्नचिन्हाने मला लिहिण्याच्या पलीकडेही सांभाळलं. वडील गेल्यावर आईने मिरजेचं घर बंद करून माझ्याकडे यावं, असं मी धरून चालले होते. तिची खोली, तिचे देव, तिची दुपार, सगळं मनात लिहून तयार होतं. ते सांगायला गेले आणि बोलता बोलता अण्णांचा ‘ही असं म्हणेल?’ हा प्रश्न मनात उभा राहिला. मग मी सांगायच्या ऐवजी विचारलं, “आई, तुझ्या मनात काय आहे?” ती म्हणाली, “वरच्या दोन खोल्या नर्सिंगच्या मुलींना द्यायच्यात. मी त्यांना सांगूनपण टाकलंय.” तिच्या त्या घरात पुढे मुलींच्या कितीतरी तुकड्या राहून गेल्या. त्या तिला आजी म्हणत, तिच्याकडून पोळ्या शिकत आणि तिचं ब्लडप्रेशर तपासत. मी तिच्यासाठी बेतलेल्या म्हातारपणापेक्षा तिचं स्वतःचं म्हातारपण कितीतरी भरलेलं होतं.

आज नव्या लेखकांच्या संहिता माझ्याकडे वाचायला येतात. पुष्कळांना हात चांगला असतो. पण कथेच्या सोयीसाठी माणसं हलवायची त्यांना घाई असते. त्यांना मी एवढंच विचारते: तुमच्या कथेत नाही अशा एखाद्या मंगळवारी हा माणूस सकाळी उठून काय करतो? त्याच्यावाचून कुणाचं अडतं? याचं उत्तर शोधत जे लेखक परत टेबलाशी बसतात, त्यांची पात्रं थोड्याच दिवसांत त्यांना उलटून बोलायला लागतात. दुसऱ्या माणसाला त्याचं स्वतःचं मन आहे, हे मनापासून मान्य करणं ही लेखनाची पहिली अट आहे, आणि ती मला शिकवली मुद्रितं तपासणाऱ्या एका माणसाने.