वाट नसलेलं धुराडं



आमचं घर म्हसावदचं. सातपुड्याच्या पायथ्याचं, शहादा तालुक्यातलं गाव. आमच्या स्वयंपाकघरात चुलीमागे विटामातीचं पुरुषभर उंच धुराडं होतं आणि त्याच्या पोटात सिमेंटचा पाइप. सुधारित चुलींचा सरकारी कार्यक्रम १९८३ साली देशभर सुरू झाला आणि २००२ साली बंद पडला. त्याच काळात सासऱ्यांनी ही चूल बसवून घेतली. सासूबाई सांगतात, पहिली दोन वर्षं धूर खरंच वर जायचा. पुढे काजळीनं पाइप तुंबला. तो साफ कसा करायचा हे बायांना कुणी शिकवलंच नव्हतं. मग कौलं जाऊन पत्रे आले आणि छपरातलं भोकही बुजलं. धुराडं उभं, पण धुराला वाट नाही!

पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या यांचा सगळा धूर घरातच. सासूबाईंचा खोकला त्यातलाच. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात बाया आणि लहान लेकरं किती असतील!

उज्ज्वला योजना २०१६ साली आली आणि पुढे आमच्याकडेही सिलिंडर आला. पण शेगडी ठेवायची कुठे? भिंतीची चांगली जागा धुराड्यानं अडवलेली. शेगडी चुलीशेजारी जमिनीवर मांडू, असं घरच्यांनी सुचवलं. मी साफ नाही म्हटलं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो, आणि तिथेच निखारा! धुराडं काढा, मगच शेगडी पेटेल, असं मी सांगून टाकलं.

सासूबाई हटून बसल्या. "चूल मोडली म्हणजे घर मोडलं. तुझ्या सासऱ्यांच्या हातचं आहे ते." दुसऱ्या वाक्यापुढे मला बोलता येईना. शेजारणींनी तर आधी चुलीची पूजा करा म्हणून सांगितलं. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घरातले देव्हारे काढणाऱ्या बाबासाहेबांच्या लेकरांनी आता चुलीला भ्यावं काय? पण हे त्यांना मी समजावलं नाही. वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन चालू होतं. त्यात काश्यप बंधूंची हकीकत आली. मोठे अग्निपूजक, पण तथागतांचं ऐकून त्यांनी अग्निपूजा सोडली. घरी येताना सासूबाईच म्हणाल्या, "त्यांनी अग्नी सोडला. मला तर नुसतं धुराडं सोडायचंय."

गवंड्यानं आधी छपराचं लाकूड धुराड्यावर टेकलंय का ते पाहिलं. टेकलं असतं तर टेकू दिल्याशिवाय वीट हलवता आली नसती. मग वरून खाली एकेक थर काढला. पाइप ॲस्बेस्टॉसचा निघाला. त्याची धूळ छातीत गेली तर कर्करोग होऊ शकतो. म्हणून लेकरांना बाहेर काढलं, तोंडाला फडकी बांधली, पाइपवर पाणी मारलं आणि तो न फोडता अख्खा काढून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला. काजळी मात्र घमेलंभर निघाली. सासूबाई ती बघत कितीतरी वेळ गप्प उभ्या होत्या.

त्याच विटांचा ओटा झाला, वर कडाप्पा. शेगडी ओट्यावर, सिलिंडर खाली उभा. समोर खिडकी, आणि गळलेला गॅस बाहेर पडावा म्हणून जमिनीलगत भिंतीला जाळीचं भोक. नळी आयएसआय छापाची. जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येत नाहीत ना, ते पाहिलं. ही तपासणी दर सिलिंडरला करावी. वास आला तर विजेचं बटण दाबू नये, चालू नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडाव्यात.

भरलेला सिलिंडर दर महिन्याला परवडत नाही, हे खरंच. अंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवर तापतं. आणि कळण्याची भाकरी गॅसवर नीट फुगत नाही, हा सासूबाईंचा दावा कायम आहे. त्या दिवशी पीठ घेऊन त्या अंगणात जातात. मी अडवत नाही, तिथला धूर आभाळात जातो.